मोगरीच्या पोटात नसलेला आकडा

मी आकडा बोलतोय. हिशेबातला नव्हे, मटक्यातला तर नव्हेच नव्हे. केसांतला. बायका अंबाड्यात खोवतात ना, तो काळ्या तारेचा, दोन पायांचा, कमरेत जरा वळण घेतलेला. आत्तासुद्धा मी एका अंबाड्यातूनच बोलतोय. कुणाच्या, ते शेवटी सांगतो. आधीच सांगितलं तर तुमचं डोकं फिरेल आणि पुढचं नीट ऐकायचे नाहीत.

एवढ्याशा तारेचं कसलं आलंय आत्मवृत्त, म्हणाल. म्हणा बापडे. पण मालाडच्या पूर्वेला, डोंगराच्या उतारावरच्या निम्म्या वस्तीत आजही माझं नाव निघतं. मी म्हणे एका गाईचं काळीज फोडलं. खुनी आहे मी. आणि ज्या दिवशी मी खून करत होतो, त्या दिवशी प्रत्यक्षात कुठे होतो, हे विचारायची बुद्धी कुणालाही झाली नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या गाळ्यात झाला. तारेचं भेंडोळं यंत्रात शिरायचं, खटॅक करून तुटायचं, वाकायचं, काळ्या रंगात बुडायचं. आमच्याच भेंडोळ्यातले काही भाऊबंद स्टोची पिन झाले, काही चपलेच्या तळव्यात गेले. माझ्या नशिबी केस आले. एका पुठ्ठ्यावर ओळीने टोचून आम्हाला जोगेश्वरीच्या एका कटलरीच्या दुकानात टांगलं, आणि तिथून मालनने आम्हाला उचललं. लग्न ठरलं होतं तिचं. आकडे, टिकल्या, आरसा असं सगळं ती स्वतः पारखून घेत होती. दुकानदार घाई करत होता, तर म्हणाली, "थांबा ना हो. डोक्यात घालायचंय, टोचणारं नको."

माणसांना आकडा केसांसाठी लागतो, हा माझा पहिला गैरसमज. केसांसाठी लागतो तो सकाळी, घटकाभर. उरलेला दिवस त्याने मोरीची जाळी उघडायची, स्टोचं भोक मोकळं करायचं, कुलूप अडलं तर त्यात शिरायचं, दातांत अडकलेली सुपारी काढायची. आणि सगळ्यात वाईट काम म्हणजे कान कोरायचा. कानात आकडा घातला की भल्याभल्यांचे डोळे अर्धे मिटतात, तोंड वाकडं होतं आणि जगाचं भान राहत नाही. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मालन दत्तारामच्या घरी आली. दत्ताराम एका कंपनीत पॅकिंगला होता. वागायला गरीब, पण आईपुढे तोंडात मिठाची गुळणी. आई म्हणजे सुगंधाबाई. कोकणातून लग्न होऊन मुंबईत आलेली, नवऱ्यामागे एका गाईच्या जिवावर मुलाला वाढवलेली. नुसती वाईट होती असं मी म्हणणार नाही. कष्टाची होती. पण कष्ट केलेल्या माणसाला कधीकधी वाटतं की आता आपलं कधीच चुकू शकत नाही. बाईला तेच झालं होतं.

घर म्हणजे चाळीच्या टोकाची एक खोली. तिच्या मागच्या भिंतीला टेकून चार वासे आणि वर पत्रा, हा गोठा. खोली आणि गोठा यांच्यात दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. आणि गोठ्यात मोगरी. पांढरीशुभ्र, शिंगं आत वळलेली, डोळे असे की काजळ घातलंय वाटावं.

मोगरीचं काम देवळापाशी उभं राहायचं. मुंबईत तुम्ही पाहिलंच असेल. देवळाबाहेर गाय बांधलेली, शेजारी बाई गवताच्या पेंड्या घेऊन बसलेली. येणारा-जाणारा पेंडी विकत घेतो, गाईला घालतो, शेपटी डोळ्यांना लावतो आणि ऑफिसला पळतो. दोन मिनिटांत पुण्य. आधी सुगंधाबाई बसायची. गुडघे धरल्यावर मालन बसायला लागली. गायवाली झाली.

माझ्या डाव्या पायावर एक खूण आहे, तीही सांगून टाकतो. अंबाडा घालताना मालन मला दातात धरायची. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला ती अशीच केस वळत बसलेली, तोंडात मी, आणि सासू बोलली, "मुंबयत वाढलेली पोर. हिच्या आवशीन हिका शेणात हात घालूक तरी शिकवलान की नाय कोण जाणे." मालनने मला चावलं. इतक्या जोरात की माझा एक पाय चेपला आणि कायमचा वाकडा झाला. मला राग नाही आला. उलट उत्तर देण्यापेक्षा तार चावलेली बरी, असा हिशेब करणारी पोर होती ती, आणि तो हिशेब तिला फार महाग पडला.

पण शेणाचं म्हणाल, तर महिन्याभरात मोगरी सासूपेक्षा सुनेच्या मागे फिरायला लागली. मालन प्रत्येक पेंडी सोडून, झटकून, पुन्हा बांधायची. भाविक लोकांचा काय भरवसा? कुणी प्रसादाचा लाडू पिशवीसकट गाईच्या तोंडात कोंबायचं, कुणी हार तारेसकट. मालन ओरडायची, "ओ काका, पिशवी काढा ना! गाय आहे ती, कचऱ्याचा डबा नाही." काका रागावून पुण्य न करताच निघून जायचे. हे सुगंधाबाईच्या कानावर गेलं की घरी पुन्हा आकडा दातात.

आता तो दिवस. दसरा जवळ आला होता. मालन भाकऱ्या थापत होती, दोन्ही हात पिठात. सुगंधाबाई गोठ्याच्या उंबऱ्यात बसली होती, पडद्याला लागून. "मालन, तो आकडो दी गो. कानात काय तरी वळवळता."

"हात भरलेत आई. तुम्हीच घ्या काढून."

सुगंधाबाईने वाकून सुनेच्या अंबाड्यातून मला ओढलं आणि घातलं कानात. डोळे अर्धे मिटले, तोंड वाकडं झालं. तेवढ्यात बाहेर शेजारची प्रेमा ओरडली, "नळ आला! पाणी आलं गं!" झालं. मुंबईतल्या चाळीत या दोन शब्दांपुढे कुणाचं काही चालत नाही. सुगंधाबाईने मला कानातून उपसलं, हाताशी होता त्या गोणपाटात खुपसलं आणि हंडा उचलून पळाली. मी गोणपाटाच्या दुमडीत आत सरकलो. बाहेरून कुणाला दिसेना, मला मात्र विणीतून सगळं दिसायचं, ऐकू यायचं. एका बाजूला खोली, दुसऱ्या बाजूला मोगरी.

संध्याकाळी मालनने विचारलं, "आई, माझा आकडा बघितलात?"

"माझ्याकडे खय?"

खोटं नव्हती बोलत. विसरली होती. कान कोरताना माणसाला भान नसतं, मघाशी सांगितलं ना.

दिवाळी झाली आणि मोगरी गवत टाकायला लागली. उतार उतरताना थांबायची, पुढचे पाय बाहेर फाकवून उभी राहायची. मानेची शीर अंगठ्याएवढी फुगली. मग गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलं. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मालन तिच्या पोळीखाली हात धरून बसायची आणि बोलायची, "काय होतंय गं बाई? सांग ना." मोगरी माझ्यासारखीच. सगळं ठाऊक, पण वाचा नाही.

डॉक्टर नंदकिशोर आला. पोरगेला, जनावरांच्या दवाखान्यात नवीनच लागलेला, पण मन लावून काम करणारा. त्याने ताप पाहिला, पाठ दाबून पाहिली, नळी लावून बराच वेळ छाती ऐकली. "ठोके लांबून येतात. कुणी उशीखाली घड्याळ ठेवावं तसे," असं तो पुटपुटला. खांद्याच्या पुढे हात फिरवताना तो एकदा थांबला, तिथेच बोटांनी चाचपलं, आणि हात काढून घेतला. मग वळून म्हणाला, "मावशी, हिने तार खाल्लीय बहुतेक."

सगळ्यांना पटलं. पटणारच. मुंबईच्या गाईला दुसरा रोग कुठला? गुरं चावत नाहीत, आधी गिळतात. तार-खिळा गेला तर पोटाच्या अगदी पुढच्या कप्प्यात पडतो. तिथून काळीज अगदी जवळ, मध्ये एवढासा पडदा. तार तो पडदा भोसकते, काळजाभोवती पू साचतो, आणि मग मानेची शीर फुगते, गळ्याखाली पाणी उतरतं. डॉक्टरने हे हाताने दाखवून सांगितलं. चाळ जमली होती ऐकायला.

मग त्याने तो प्रश्न विचारला. वाईट हेतूने नव्हे. पण घात त्या प्रश्नाने केला.

"घरातलं काही हरवलंय का? सुई, खिळा, आकडा वगैरे?"

बोलली ती मालनच. तिचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला. "माझा एक आकडा हरवलाय," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आधी."

अगं बाई माझे! गप्प बसायला काय झालं होतं तुला? ज्या पोरीने एरवी शब्द दातांखाली चावून टाकले, ती नेमकं त्या दिवशी खरं बोलली. मोगरी बरी व्हावी म्हणून बोलली. डॉक्टरला उपयोग होईल म्हणून बोलली.

"मी सांगलंय नाय?" सुगंधाबाईचा आवाज चढला. "सांगलंय नाय, डोक्याक फडको बांधल्याशिवाय गवताक हात लावू नको म्हणान? गायीन हिचो आकडो खाल्ल्यान!"

मी गोणपाटात किंचाळत होतो. अहो, मी इथे आहे! तुमच्या कोपरापासून वीतभरावर! पण तारेची किंकाळी कोण ऐकणार?

डॉक्टर दुसऱ्या दिवशी होकायंत्र घेऊन आला. पोटात लोखंड असेल तर सुई हलते, म्हणाला. मोगरीच्या छातीपाशी त्याने ते धरलं. मोगरी पडद्याला लागून उभी होती. सुई थरथरली आणि सरळ वळली ती पडद्याकडे. माझ्याकडे! वरच्या पत्र्यामुळे असेल, साखळीमुळे असेल. पण मला विचाराल तर त्या सगळ्या गर्दीत खरं बोलणारी ती एकटी सुई होती. लोकांना मात्र सुईच्या वाटेत मोगरी दिसली. "फिरली! फिरली!" असा गलका झाला. कुणीतरी नमस्कारसुद्धा केला.

मग ऑपरेशन. डाव्या कुशीवरचे केस भादरले, इंजेक्शनाने जागा बधिर केली आणि उभ्या गाईची कूस कापली. डॉक्टरने खांद्यापर्यंत हात पोटात घातला. मालन मोगरीचं तोंड छातीशी धरून उभी होती. आतून काय निघालं? पिशव्या. पिशव्यांचे गोळे, नारळाची शेंडी, हाराचे दोरे, एक नाणं. सगळं पुण्यच पुण्य. तार नाही, खिळा नाही, आणि मी तर नाहीच नाही.

आता तरी सुटलो, असं मला वाटलं. मी पण वेडाच.

"सापडला नाही," डॉक्टर हात धुताना म्हणाला, "म्हणजे पुढे सरकलाय. काळजात शिरला असणार."

बघितलंत? असतो तर मी होतोच. नव्हतो, तर जास्तच होतो. या न्यायाने कुणालाही फाशी देता येईल.

चार-सहा दिवसांत मोगरी गेली. दुपारी, मालनच्या मांडीवर मान टाकून. डॉक्टरने गाडी मागवली आणि तिला जनावरांच्या कॉलेजात नेलं. "मला आत बघायचंय. तो आकडा काढून आणतो," म्हणाला. दत्ताराम कोपऱ्यात उभं राहून रडला. मालन रडलीसुद्धा नाही. रिकाम्या दाव्याकडे बघत बसली.

सुगंधाबाईने ते दावंच उचललं. "गोहत्येचा पाप ह्या घरात नको माका. आमच्या गावची रीत आसा. जिच्या हातसून गाय मेली, तिना दावा गळ्यात घालून पाच घरी भीक मागूची. बोलूचा नाय. फक्त हंबरूचा. दुसऱ्या दिवशी न्हाऊन मगे तोंड उघडूचा. तोवर एक शब्द काढलो तर पाप डोक्यार तसाच."

"आये, हे मालाड आसा," दत्ताराम कसाबसा म्हणाला. "लोक हसतले."

"हसतले ते हसूं देत. तुझ्या पोराबाळांक पाप लागात तेव्हा कोण हसात?"

दत्ताराम गप्प. माणूस कुठे गप्प बसतो यावरून त्याची किंमत कळते, आणि त्या दिवशी मला त्याची पुरती कळली.

मालनच बोलली. "घालते आई. मोगरीसाठी घालते." तिला स्वतःलाही पटलं होतं हो! माझ्याच आकड्याने गेली, असं ती मनापासून धरून बसली होती. ते मला सगळ्यात जास्त लागलं. सासूने आळ घेतला ते एकवेळ सोसलं असतं, पण तिने तो स्वतःवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते दोरखंड गळ्यात अडकवलं. जिथे मोगरीची मान घासून दोर गुळगुळीत झाला होता, तो भाग तिच्या गळ्याला आला. हातात परडी. बाहेर पडली. मग चाळीच्या दुसऱ्या टोकाहून मला हंबरणं ऐकू आलं. देवाशप्पथ सांगतो, क्षणभर वाटलं, मोगरी परत आली. मग लोकांचं हसू ऐकू आलं, आणि एका बाईचा आवाज, "अगं बाई, मालन ना ही? ए, जोरात हंबर की!" दुसऱ्या घरी हंबरणं थोडं बारीक झालं. पाचव्यापर्यंत ते हंबरणं राहिलंच नव्हतं.

ती परत यायच्या जरा आधी डॉक्टर नंदकिशोर आला. धापा टाकत, आणि चक्क आनंदात! "मावशी! दत्ताराम! आकडा नव्हता! तारच नव्हती! गाठ होती, गाठ!"

"कसली गाठ?"

"काळजात. उजव्या बाजूच्या कप्प्यात, मुठीएवढी, पांढुरकी, सोललेल्या माशासारखी. काळजाचा कॅन्सर म्हणा. गाठीने वाट अडवली म्हणून रक्त मागे तुंबलं, म्हणून शीर फुगली, पोळीत पाणी उतरलं. तारेची आणि हिची लक्षणं सारखीच! अहो, गाईत हे फार क्वचित दिसतं. आमचे सर बघायला आले, सगळी मुलं जमली, काळीज बरणीत ठेवलंय!" मग त्याचा आवाज जरा उतरला. "खांद्यापुढची गाठ पहिल्याच दिवशी माझ्या हाताला लागली होती. पाठ दाबली तर दुखत नव्हतं, तापही नव्हता. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण तुम्ही आकडा हरवलाय म्हणालात, आणि माझं डोकं तिकडेच धावलं."

"आधी कळला असता तर वाचली असती?" दत्तारामने विचारलं.

"नाही. याला उपाय नाही. पण कूस तरी कापली नसती मी."

आणि तेव्हा मालन दारात आली. गळ्यात दावं, परडीत मूठभर तांदूळ, तोंड पांढरंफटक. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. "वहिनी, हे काय?"

"आमची रीत," सुगंधाबाई म्हणाली.

"अहो पण आकडा नव्हताच! वहिनी, ऐकताय ना? तुमच्या आकड्याने काहीही झालेलं नाही!"

मालनने परडी खाली ठेवली. तिने तोंड उघडू नये, असं मी देवाला सांगत होतो. उद्या सकाळपर्यंत धीर धर गं. न्हाऊन घे, मग काय ते बोल. आणि त्याच वेळी वाटत होतं, बोल, बोल एकदाची, सगळं घर डोक्यावर घे.

ती एवढंच म्हणाली, "मग माझा आकडा कुठाय?"

"मोडल्यान!" सुगंधाबाईने कपाळ बडवलं. "बघलास? मौन मोडल्यान! पाच घरा वाया गेली. पाप फिरून घरात इला!"

"मावशी, पाप कसलं? गाठ होती म्हणतोय ना मी!"

"तुमी शिकलेले, तुमका म्हायती. गायीच्या काळजाक गाठ! माणसाच्या काळजाक आसता गाठ. गायीच्या खय?" आणि मग बाईचा आवाज खाली आला. एरवी ती ओरडायची तेव्हा भीती नसायची, पण हा आवाज वेगळा होता. "बरा. आकडो गायीन खाल्ल्यान नाय. घरात नाय. गोठ्यात नाय. मगे पडलो खय? बायल माणसाच्या डोक्यातलो आकडो खय पडता?"

दाराशी उभ्या असलेल्या प्रेमाने तोंडाला पदर लावला आणि फिस्सकन हसली. त्या हसण्यात सगळं आलं. इतके दिवस मी गाय मारली होती. आता मी कुठल्यातरी परक्या बिछान्यात पडलो होतो. एका आकड्याने किती पापं करावीत?

डॉक्टर "मी निघतो" म्हणून निघाला. त्याला बहुधा काय बोललं गेलं ते कळलंच नाही. पुढे त्याने मोगरीच्या काळजावर काहीतरी लिहिलं म्हणे, इंग्रजीत, ते छापूनही आलं. चांगली गोष्ट. इकडे मात्र गाठीची गोष्ट कुणाला सांगता येईना आणि आकड्याची सांगायला सोपी. वस्तीने सोपी ती ठेवली.

मालनने दावं गळ्यातून काढून खुंटीला लावलं, नीट वेटोळं करून. मग नवऱ्यासमोर उभी राहिली. "तुम्हाला काय वाटतं? कुठे पडला?"

दत्ताराम म्हणाला, "माका काय म्हायत?"

चार शब्दसुद्धा नाहीत. पण "तुझ्यावर विश्वास आहे" म्हणायलाही तेवढेच लागतात.

"ठीक आहे," मालन म्हणाली. "मी जोगेश्वरीला आईकडे जाते. आकडा सापडला की निरोप धाडा. त्याआधी येऊ नका न्यायला." पिशवी भरताना ती पडद्याजवळून गेली. तिचा पदर गोणपाटाला घासला. मी सगळा जीव एकवटून त्याला अडकायचा प्रयत्न केला. एक धागा आला हाती. तिने पदर ओढून घेतला आणि गेली.

मी राहिलो गोणपाटात, एक पावसाळा काढला. गंजलो थोडा. मग सुगंधाबाईने दुसरी गाय घ्यायची ठरवली आणि गोठा झाडायला घेतला. पडदा काढून झटकला, तसा मी दुमडीतून निसटून तिच्या पायाशी पडलो.

तिने उचललं. आधी नुसतं बघितलं. मग चेपलेला पाय दिसला. अंगठा त्यावरून फिरला. मी तिचा चेहरा अगदी जवळून पाहत होतो, आणि सांगतो, तिला सगळं आठवलं. अंबाड्यातून मला ओढलं ते, कान, प्रेमाची हाक, हंडा, सगळं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं तिच्या. ती तिथेच खाली बसली. म्हटलं, आता उठेल. आता दत्तारामला हाक मारेल. बाई वाईट नाही, चुकली एवढंच, आता निस्तरेल.

दत्ताराम कामावरून आला. वर्षभरात त्याचे गाल बसले होते. "आये," तो म्हणाला, "मी एकदा जोगेश्वरीक जावन येव काय?"

"आकडो गावलो काय?" सुगंधाबाईने विचारलं.

"नाय."

"मगे?"

आणि पाठमोरी होऊन तिने मला स्वतःच्या अंबाड्यात खोवलं. वरून पदर घेतला.

तर मी इथे आहे. तिच्या अंबाड्यात, उजव्या बाजूला. सकाळी ती नव्या गाईला घेऊन देवळापाशी बसते. बायका पेंडी घ्यायला वाकल्या की सांगते, "केसातलो आकडो सांभाळा हां बायांनो. माझ्या सुनेच्या आकड्यान आमची मोगरी मेली." बायका चक् चक् करतात. ती मान हलवते, आणि तिच्या मानेबरोबर मीही हलतो. रोज मी त्या खोट्याला होकार देतो. दुपारी कान खाजला की मला काढते, कोरते, पुसून परत खोवते.

मला वाचा नाही, तुम्हाला आहे. कधी मालाडला त्या देवळाकडे आलात, तर पेंडी घ्यायला वाका आणि म्हातारीचा पदर जरा बाजूला करा. एक पाय चेपलेला, गंजलेला आकडा दिसेल. ओढून काढा. आणि जोगेश्वरीला मालनला निरोप धाडा, आकडा सापडला म्हणून.